आवाजाची मालकी

खडकीत राहणाऱ्या माणसाला मालकी ह्या शब्दाचा अर्थ शिकवावा लागत नाही. येथील कॅन्टोन्मेंटमध्ये ज्यांना ‘जुन्या ग्रांटचे बंगले’ म्हणतात, त्यांची व्यवस्था अशी असते की घर राहणाऱ्याचे आणि घराखालची जमीन सरकारची. विटा, कौले आणि सागवानी दारे ह्यांचा व्यवहार होऊ शकतो. ती ज्यावर उभी आहेत ती माती विकता येत नाही. एकाच वास्तूला असे दोन धनी असतात. दारूगोळा कारखान्यात दोन-दोन पिढ्या नोकरी केलेल्या आमच्या भाविकांना ह्या विषयातले बारकावे आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. तरीही गेल्या पावसाळ्यात एका भगिनीने आम्हांला मालकीविषयी असा एक प्रश्न विचारला की, सेमिनरीत नीतिशास्त्राचा एवढा अभ्यास केलेला असूनही आम्हांला त्यावर चटकन उत्तर देता आले नाही.

रविवारची मिस्सा आटोपल्यावर त्या दारात उभ्या राहिल्या. हातात एक जुनी कॅसेट होती. २००१ साली आम्ही तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका धर्मग्रामात नवखे साहाय्यक धर्मगुरू होतो. आमच्याच पुढाकाराने निघालेली ती मराठी भक्तिगीतांची कॅसेट. वसतिगृहाचे पत्रे गळत होते, पैसा हवा होता. ह्या भगिनीचे वडील तेथे धर्मशिक्षक होते. गावोगाव सायकलवर हिंडून मुलांना प्रार्थना शिकवायच्या, संध्याकाळी पेटी काढून भजनाला बसायचे, असा त्यांचा क्रम. सर्व जण त्यांना मास्तर म्हणत. दहापैकी आठ गीतांच्या चाली त्यांच्या होत्या आणि मुख्य गळाही त्यांचाच होता. जीपमध्ये पेटी, तबला आणि चौदा माणसे कोंबून आम्ही पुण्याला आलो, दोन दिवसांत ध्वनिमुद्रण उरकले आणि हजार कॅसेटी काढल्या. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत त्या हातोहात गेल्या. पत्रे बदलले गेले. मास्तरांना आम्ही शाल, नारळ आणि पाकिटात पाचशे रुपये दिले. त्यांनी ते पाकीट कपाळाला लावून घेतले.

कॅसेटच्या वेष्टनावर धर्मग्रामाचे नाव होते, ‘सर्व हक्क राखीव’ असे छापले होते आणि ‘मार्गदर्शन’ ह्या शब्दापुढे आमचे नाव होते. मास्तरांचे नाव कोठेही नव्हते. “गाणे देवाचे आहे मास्तर, त्यावर माणसाचे नाव कशाला?” असे आम्ही त्यांना म्हटल्याचे आम्हांला चांगले आठवते. “खरं आहे फादर,” ते म्हणाले. मग आमचे नाव तेवढे कशाला राहिले, हे त्यांनी विचारले नाही आणि आमच्याही मनात आले नाही.

मास्तर आता हयात नाहीत. त्यांचे एक गीत सध्या मोबाईलवर फिरते आहे आणि त्यावर कोणा भलत्याच गायनवृंदाचे नाव आहे. मुलीची तक्रार पैशांची नव्हती. कॅसेट झिजली आहे, पट्टी मध्येच गुरगुरते. मूळ ध्वनिफीत धर्मग्रामाकडे असेल तर ती मिळावी, एवढेच त्यांचे मागणे होते. पण त्यांनी ते ज्या शब्दांत मांडले ते आम्हांला लागले. “फादर, आमच्या बाबांचा आवाज तुमच्याकडे आहे. तो आम्हांला द्याल का?”

ह्या मूळ ध्वनिफितीला त्या व्यवसायात ‘मास्टर’ म्हणतात. तिच्यावरून हजारो प्रती निघतात, म्हणून जिच्या हाती ती, त्या हाताला पुढचे सारे उत्पन्न. कायदा तिच्याविषयी काय सांगतो हे आम्ही एका वकील भाविकांकडून समजून घेतले. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणजे त्याचा निर्माता, ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. गायक त्याचा कर्ता नसतो. प्रसिद्धीनंतर ६० वर्षे ती मालकी निर्मात्याकडे राहते. म्हणजे मास्तरांचे गाणे जिच्यावर आहे ती फीत धर्मग्रामाची. चालींचे मात्र वेगळे आहे. चाल बांधणाऱ्याचा हक्क लेखी कागदाशिवाय दुसऱ्याकडे जात नाही, आणि आम्ही तर कागदच केला नव्हता. तेव्हा चाली मास्तरांच्या, व त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्यांच्या वारसांच्या. पुन्हा तोच जुन्या ग्रांटचा बंगला: घर एकाचे, जमीन दुसऱ्याची. फरक इतकाच की ह्या वेळी सरकारच्या जागी आम्ही बसलो होतो.

हे भांडण आपल्याकडे नवे नाही. मंगेशीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर १९४२ साली पुण्यात वारले, तेव्हा त्यांची थोरली मुलगी लता बारा वर्षांची होती. घर चालविण्यासाठी ती चित्रपटात उतरली. १९४९ साली ‘महल’ चित्रपटातील ‘आयेगा आनेवाला’ ह्या गीताने देश वेडा झाला. पण त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असे नाव छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव. हे गाते कोण, अशी पत्रे श्रोत्यांनी रेडिओकडे लिहिली, तेव्हा लताबाईंचे नाव लोकांना कळले. ज्या गळ्यातून ते सूर निघाले त्या गळ्याला नावच नव्हते, आणि त्यात कोणाला काही वावगेही वाटत नव्हते.

नाव मिळाल्यावर लताबाईंनी पुढचा प्रश्न विचारला. तबकडी विकली गेली की कंपनी निर्मात्याला रॉयल्टी देते, त्यातून संगीतकाराला वाटा मिळतो. मग गाणाऱ्याला का नाही? १९६० नंतरच्या त्या वर्षांत ह्यावरून चित्रसृष्टीत मोठी खळबळ माजली. महंमद रफी ह्यांचे मत उलट होते. गाण्याचे ठरलेले मानधन एकदा घेतले की गायकाचा त्या गीतावरचा हक्क संपला, असे ते मानीत. मतभेद इतका विकोपाला गेला की ही दोन माणसे काही वर्षे एकमेकांबरोबर गायली नाहीत. पुढे समेट झाला, युगुलगीते पुन्हा सुरू झाली, प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

आम्हांला येथे थोडे थांबावेसे वाटते. कारण लताबाई बरोबर आणि रफीसाहेब चूक, असा झटपट निवाडा आम्ही करणार नाही. रफींच्या भूमिकेला एक अंगभूत सात्त्विकता आहे. काम केले, दाम घेतला, आता ते जगाचे झाले. आपल्या संतांनी आणि आपल्या धर्मशिक्षणानेही हीच निरिच्छता शिकविली. फुकट मिळाले ते फुकट द्या, असे प्रभू येशूने शिष्यांना पाठविताना सांगितले. कंपन्यांच्या बाजूनेही एक रास्त बोलणे आहे. दहा तबकड्यांत पैसे घालावेत तेव्हा एखादी चालते. नऊंचा तोटा गायक सोसत नाही, मग दहावीचा नफा त्याने का मागावा? धोका ज्याचा, लाभ त्याचा. सुताराने खुर्ची विकली, आता तीवर जो-जो बसेल त्याच्याकडून तो पैसे मागत हिंडतो काय? हा दाखला आम्ही पुष्कळ वेळा ऐकला आहे आणि तो अगदीच पोकळ नाही.

तरी खुर्ची आणि आवाज ह्यांत अंतर आहे. खुर्ची विकली की सुताराजवळ ती राहत नाही. आवाज विकूनही गायकाजवळच राहतो. तो त्याचा श्वास आहे, त्याच्या आईबापांकडून आलेला आहे, त्यात त्याचे बालपण आहे. मुलीने “बाबांची कॅसेट” म्हटले नाही, “बाबांचा आवाज” म्हटले. ती भाषेची चूक नव्हती.

आपल्या कायद्याला हे अंतर फार उशिरा दिसले. १९७७ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटसंगीताच्या हक्कांचा निर्णय निर्मात्यांच्या बाजूने दिला. चित्रपटासाठी मोबदला देऊन करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. त्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी एक छोटी पुरवणी जोडली. आपल्या कायद्यात ‘संगीतकृती’ म्हणजे कागदावर उतरविलेली स्वररचना. जो ती गातो, तिच्यात प्राण ओततो, त्याला तेथे जागा नाही, ह्याची त्यांनी खंत व्यक्त केली. ज्या देशात उस्ताद आयुष्यभर गातो आणि एक ओळही लिहीत नाही, त्या देशाचा कायदा कागद मागत होता!

त्याच वर्षीची दुसरी एक हकीकत आमच्या मनातून जात नाही. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर ह्या कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादियाखाँ ह्यांच्या शिष्या. खाँसाहेबांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. केसरबाईंच्याही मोजक्याच तबकड्या निघाल्या; आपली विद्या यंत्राच्या हाती देण्याविषयी त्या फार कडक होत्या. त्यांची भैरवीतील सुमारे साडेतीन मिनिटांची एक तबकडी अमेरिकन शास्त्रज्ञांनी निवडली आणि १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात व्हॉयेजर ह्या दोन यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्यांतून ती अवकाशात गेली. त्याच सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. मार्चमध्ये न्यायालयात गायकाला जागा नव्हती आणि सप्टेंबरात गोमंतकातील एका गायिकेचा आवाज पृथ्वी सोडून निघाला होता. योगायोग मोजण्याचा आम्हांला नाद नाही. पण २०१२ साली त्यांपैकी एक यान सूर्याच्या प्रभावकक्षेपलीकडे पोहोचले आणि त्याच साली आमच्या संसदेने गायकाला त्याच्या गाण्याच्या व्यापारी वापराबद्दल रॉयल्टीचा हक्क दिला.

मधल्या काळात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणाला प्रथमच संरक्षण दिले होते, पण चित्रपटात गाण्यास एकदा संमती दिली की ते संपत असे. २०१२ च्या दुरुस्तीने, जावेद अख्तर ह्यांनी राज्यसभेत तिच्यासाठी कळकळीने केलेल्या भाषणांनंतर, हे बदलले. चित्रपटातील गीतांचे कवी आणि संगीतकार ह्यांना रॉयल्टीचा आपला वाटा आता लिहूनही सोडता येत नाही. आणि गाणाऱ्याचे नाव गाण्याबरोबर सांगितले गेले पाहिजे, हा त्याचा हक्क ठरला. ‘महल’च्या कामिनीला कायद्याने दिलेले उत्तर त्रेसष्ट वर्षांनी आले. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी मात्र आजही निर्मात्याचीच आहे. लताबाईंनी अखेर २०१२ मध्ये स्वतःची संगीत कंपनी काढली, तेव्हा त्या त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या.

परदेशातही ह्याहून निराळे नाही. आमच्या युवक मंडळातील मुलींनी आम्हांला टेलर स्विफ्ट ह्या अमेरिकन गायिकेची कथा सांगितली. २०१९ साली तिच्या पहिल्या सहा संचांच्या मूळ ध्वनिफिती तिच्या जुन्या कंपनीबरोबर विकल्या गेल्या. तेव्हा तिने त्यांतले चार संच पुन्हा पहिल्यापासून गाऊन काढले आणि २०२५ साली मूळ फिती विकत घेतल्या. मुली म्हणाल्या, “फादर, ती जिंकली!” जिंकली खरी. पण आपलाच आवाज बाजारभावाने विकत घेण्याइतका पैसा ज्याच्याजवळ नाही, त्याचे काय? मास्तरांच्या मुलीजवळ तो नाही.

ह्या प्रश्नावर पवित्र शास्त्रात काही आहे काय, असे आम्ही शोधू लागलो, तेव्हा प्रथम नाबोथ आठवला. अहाब राजाने त्याचा द्राक्षमळा मागितला. प्रवचनात आपण नेहमी ईजबेलच्या कारस्थानावर आणि नाबोथाच्या खुनावर बोलतो. पण राजाचा पहिला प्रस्ताव तपासून पाहावा: ह्याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. बाजाराच्या दृष्टीने त्यात काहीही खोट नाही. तरीही नाबोथ नाही म्हणतो, कारण ते वाडवडिलांचे वतन आहे. योग्य किमतीलाही न विकण्याजोगे काही असते, हे त्याचे म्हणणे. राजाला ते समजत नाही. तो भिंतीकडे तोंड करून उपाशी निजतो.

त्या नकाराच्या मागे लेवीय ग्रंथाचा पंचविसावा अध्याय उभा आहे. २०२५ हे वर्ष ख्रिस्तसभेने जुबिली म्हणून पाळले, तेव्हा तो अध्याय आपण वाचला. पन्नासाव्या, योबेल वर्षी जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाई. म्हणून विक्रीची किंमत योबेलपर्यंत किती वर्षे उरली त्यावरून ठरे. ग्राहक घेई ती पिके. शेत कायमचे विकता येत नसे, कारण ते देवाचे. गरीब माणूस अडचणीत शेत विकतो, हे देवाला ठाऊक होते. त्याने विक्री बंद केली नाही, तिला मुदत घातली. विकणाऱ्याच्या नातवाला पुन्हा त्या बांधावर उभे राहता यावे, एवढी सोय ठेवली.

पण त्याच अध्यायात पुढे आणखी एक नियम आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तटबंदी असलेल्या नगरातले घर विकले आणि वर्षाच्या आत सोडवले नाही, तर ते घेणाऱ्याचे कायमचे होई. घर माणसाने बांधलेले असते. शेत दिलेले असते. मग ध्वनिफीत काय, घर की शेत? यंत्रे, खोली, जीपचे डिझेल, हजार कॅसेटींची छपाई हे सारे आम्ही उभे केले. ते घर आमचे, ह्यात शंका नाही. पण त्यात जो गातो आहे तो मास्तरांचा गळा शेत आहे, आणि त्याचे फार तर एका हंगामाचे पीक आम्ही घेतले होते. पाचशे रुपयांत तेही महाग झाले नसते. आम्ही मात्र वेष्टनावर ‘सर्व हक्क राखीव’ छापून बांधच सरकवला होता.

त्यांनी संमती दिली होती, असे कोणी म्हणेल. आम्हीही पुष्कळ दिवस स्वतःला तेच सांगितले. पोप लिओ तेरावे ह्यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या परिपत्रात ह्याच सबबीचा समाचार घेतला आहे. मालक-मजूर राजीखुशीने मजुरी ठरवतात हे खरे, पण त्या राजीखुशीच्या वर एक नैसर्गिक न्याय आहे. गरजेपोटी किंवा भीतीपोटी दिलेला होकार त्या न्यायापुढे टिकत नाही. मास्तरांना आमची भीती नव्हती. पण झगा घातलेल्या माणसाला नाही म्हणण्याची त्यांना सवय नव्हती, आणि आम्हांला ते ठाऊक होते. कंपनीचा करार निदान वाचून दाखविता येतो. आमचा करार “देव तुमचे भले करो” एवढाच होता. त्याच्याशी वाद घालायचा कसा?

येथे रफीसाहेबांची निरिच्छता पुन्हा आठवते. गाणाऱ्याने आपला हक्क सोडावा, हे थोरपण आहे आणि ते त्याच्या हाती आहे. घेणाऱ्याने मात्र त्याला निरिच्छ होण्याचा उपदेश करू नये. आम्ही तो केला, आणि तोही वसतिगृहाच्या पत्र्यांसाठी. पत्रे चांगल्या कामाचे होते, म्हणून उपदेश अधिक सोपा गेला. ख्रिस्तसभेतील कित्येक पेटीवाले, तबलजी, भजनी ह्यांनी सेवा म्हणून जे दिले, त्याची यादी कोणी करीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने लोकभाषेतल्या उपासनेला दार उघडले, तेव्हा आतून गाणारी ही माणसे तयार होती म्हणून आपल्या मिस्सेला मराठी सूर मिळाला. त्यांच्यापैकी किती जणांची नावे आपल्या गीतपुस्तकांत आहेत, हे वाचकांनी एकदा पाने उलटून पाहावे.

आम्ही त्या धर्मग्रामाच्या आजच्या धर्मगुरूंना पत्र पाठविले. फीत कचेरीच्या कपाटात, जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्यांच्या मागे सापडली. त्यांनी ती कोणा येणाऱ्याच्या हाती खडकीस धाडली. डबीवर आमच्याच अक्षरात तारीख, धर्मग्रामाचे नाव आणि आमचे नाव आहे. पुण्यात एका ठिकाणी ती चालविणारे यंत्र अजून आहे; तेथे तिच्यावरून नवी प्रत काढून घेतली. आवाज स्वच्छ आहे. तिसऱ्या गीताआधी मास्तर खाकरतात आणि तबलजीला हळूच म्हणतात, “जरा सावकाश.”

अडचण राहिली ती सोबतच्या पत्राची. फीत ही धर्मग्रामाची मालमत्ता, तेव्हा ती देताना कागद हवा, असे तेथील वित्त समितीने सांगितले, आणि ते योग्यच आहे. मसुदा करण्याचे काम आमच्याकडे आले. प्रथम आम्ही लिहिले, “ही ध्वनिफीत मास्तरांच्या कुटुंबास भेट म्हणून देत आहोत.” मग ‘भेट म्हणून देत आहोत’ हे शब्द खोडून ‘परत करीत आहोत’ असे लिहिले. समितीतील एक ज्येष्ठ गृहस्थ, हिशेबाचे काटेकोर, त्यांनी दूरध्वनीवरून विचारले, “फादर, फीत त्यांची कधी नव्हतीच. मग परत कशी?” आम्ही त्यांना म्हटले की फितीसाठी तो शब्द चुकीचा आहे, हे आम्हांलाही दिसते. दुसरा शब्द मिळाला तर कळवावा, अशी विनंती केली आहे. समितीची बैठक पुढील महिन्यात आहे. तोवर नवी प्रत आणि गायकाच्या, चालीकाराच्या नावाची चिठ्ठी मुलीच्या घरी पोहोचली आहे. मूळ फीत, खाडाखोड केलेल्या मसुद्याखाली, आमच्या टेबलावर आहे.